आरपीएस१९ तर प्रत्येक पेशीत लागतं, मग कमी फक्त लाल पेशीच का होतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सात महिन्यांच्या भाचीला डायमंड-ब्लॅकफॅन अ‍ॅनिमिया असल्याचं निदान झालंय. जनुकीय अहवालात आरपीएस१९ च्या दोनपैकी एका प्रतीत बिघाड दिसतोय. या जनुकापासून बनणारं प्रथिन रायबोसोमचं, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं रचणाऱ्या यंत्राचं, झाडून सगळ्या पेशींना लागणारं. मग बाळाच्या पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, यकृत सगळं ठीक असताना लाल पेशीच का बनत नाहीत? आणि तोच बदल आईतही सापडला, तर ती ठणठणीत कशी?

मी डॉक्टर नाही. रायबोसोम कसे जुळतात यावर प्रयोगशाळेत काम करते. तेव्हा उपचारांचं तिच्या डॉक्टरांना विचारा, जनुकाचं मी सांगते.

तुम्हाला पडलेलं कोडं आमच्या क्षेत्रातल्या लोकांना १९९९ पासून छळतंय. लुईस डायमंड आणि केनेथ ब्लॅकफॅन यांनी या आजाराची नोंद केली १९३८ मध्ये. त्यानंतर साठेक वर्षांनी एका रुग्ण मुलीत एक्स आणि १९ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली आढळली. गुणसूत्र जिथे तुटलं होतं, तिथेच आरपीएस१९ होतं. मग ४० असंबंधित रुग्ण तपासले, तर १० जणांत याच जनुकात बिघाड निघाला. आजही साधारण चारातल्या एका रुग्णात हेच जनुक सापडतं. बाकीच्यांपैकी बहुतेकांत रायबोसोमचंच दुसरं एखादं प्रथिन बिघडलेलं असतं.

(नावातला १९ आणि गुणसूत्राचा १९, हा निव्वळ योगायोग. ‘एस’ म्हणजे रायबोसोमचा लहान भाग. जेलवर प्रथिनं वेगळी केली, की त्यांचे ठिपके दिसतात. क्रमांक त्या ठिपक्यांचे आहेत. आरपीएस१४ पाचव्या गुणसूत्रावर बसतं. जीवाणूंमधलं एस१९ तर वेगळंच प्रथिन आहे, माणसात त्याचा भाऊबंद आरपीएस१५. विद्यार्थिदशेत मी यात पुरती फसले होते.)

माणसाचा रायबोसोम म्हणजे चार आरएनए आणि ८० प्रथिनं. त्यातली ३३ लहान भागात, आरपीएस१९ त्यांच्यापैकी एक. अवघ्या १४५ अमिनो आम्लांचं. त्याचं मुख्य काम रायबोसोम जुळत असतानाचं. लहान भागातला १८एस आरएनए आधी लांबलचक कच्च्या स्वरूपात तयार होतो आणि टप्प्याटप्प्याने कापला जातो. आरपीएस१९ अपुरं असलं की एका टप्प्यावर ही कापाकापी अडते, कच्चा माल साचतो आणि लहान भाग कमी बनतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तुमच्या भाचीचे रायबोसोम वेडेवाकडे नाहीत. जे बनतात ते चांगलेच बनतात, फक्त संख्येने कमी. दोन्ही प्रती निकामी असत्या तर गर्भच टिकला नसता. उंदरांत तसं करून पाहिलंय, गर्भ रुजण्याआधीच मरतो. एकच प्रत काढलेले उंदीर मात्र धडधाकट निघाले. म्हणजे इतर पेशींना थोडी टंचाई खपते, असं म्हणायला हरकत नाही.

लाल पेशींना ती का खपत नाही? एक तर त्यांची घाई. प्रौढ माणसाची अस्थिमज्जा दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक लाल पेशी बनवते. पूर्वज पेशी भराभर विभागत असते आणि त्याच काही दिवसांत तिला कोट्यवधी हिमोग्लोबिन रेणू रचायचे असतात. त्यात हिमोग्लोबिनमधलं लोहयुक्त हीम वेळेवर तयार होतं आणि त्याला जोडायचं ग्लोबिन हे प्रथिन रायबोसोमअभावी मागे पडतं. सुटं हीम पेशीला विषारी असतं. इतर कुठल्या पेशीवर असा प्रसंग इतक्या प्रमाणात येत नाही.

दुसरं कारण पी५३ हे प्रथिन. रायबोसोमची जुळणी बिनसली की आरपीएल५ आणि आरपीएल११ ही रायबोसोमचीच प्रथिनं पी५३ ला आवरून धरणाऱ्या एमडीएम२ ला अडकवतात. मग मोकळं सुटलेलं पी५३ पेशीचं विभाजन थांबवतं किंवा तिला मरायला लावतं. पुस्तकांत हेच कारण ठळक छापतात, पण माझं मन त्यावर पूर्ण बसत नाही. कारण खुद्द आरपीएल५ किंवा आरपीएल११ बिघडलं तरी हाच आजार होतो. मग धोक्याची घंटा वाजवतं कोण?

मला तिसरं कारण जास्त पटतं. रायबोसोम कमी पडले की सगळ्या प्रथिनांत सारखी कपात होत नाही. गॅटा-१ हे प्रथिन लाल पेशींची अख्खी जडणघडण चालवतं आणि टंचाईत नेमकं त्याचं उत्पादन फार घटतं. २०१२ मध्ये याच आजाराच्या काही रुग्णांत रायबोसोमची जनुकं नव्हे, तर गॅटा-१ चंच जनुक बिघडलेलं सापडलं. पुढे रुग्णांच्या पेशींना प्रयोगशाळेत जादा गॅटा-१ पुरवलं, तेव्हा लाल पेशींची घडण सुधारली.

‘फक्त लाल पेशी’ हेही अगदी खरं नाही बरं का. काही मुलांत अंगठ्याची ठेवण, टाळू किंवा हृदय यांत जन्मतः दोष असतो, उंची कमी राहते. डॉक्टर हे तपासायला सांगतील, तर दचकू नका.

आता आईबद्दल. बिघाड एकाच प्रतीत असला तरी आजार होऊ शकतो आणि पुढच्या प्रत्येक अपत्यात तो बिघाड उतरण्याची शक्यता निम्मी. पण एकाच घरात तोच बदल एकाला रक्त चढवायला लावतो आणि दुसऱ्याला कळतही नाही, असं खरोखर घडतं. अशा ‘ठणठणीत’ माणसाच्या लाल पेशी कधीकधी नेहमीपेक्षा थोड्या मोठ्या असतात किंवा त्यांतलं अ‍ॅडेनोसिन डीअमायनेज हे विकर वाढलेलं असतं. भाचीला पुढेमागे अस्थिमज्जा प्रत्यारोपण करायचं ठरलं आणि दाता घरातलाच निवडला, तर त्याच्या नुसत्या हिमोग्लोबिनवर विसंबू नका. त्याचं आरपीएस१९ तपासलंय का, हे आधी विचारा.