कॉलेजात जपानी घेतली आहे. पुस्तक इंग्रजीत आहे, त्यामुळे वाक्य आधी इंग्रजीत जुळतं आणि मग जपानीत जातं. पार्टिकल सारखे चुकतात. पहिल्या सत्रात अभ्यास कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की पुस्तक इंग्रजीत आहे, म्हणून वाक्य आधी इंग्रजीत जुळवता आणि मग जपानीत नेता. आधी ती इंग्रजी मधून काढा. जपानी वाक्य मराठीसारखंच चालतं: क्रियापद शेवटी, आणि पार्टिकल आपल्या प्रत्ययांसारखे नामाच्या मागे. ‘मला सुशी आवडते’ म्हणजे ‘वाताशि वा सुशि गा सुकि देसु’. मराठीत क्रियापद सुशीप्रमाणे चालतं, जपानीतही सुशीला ‘गा’ लागतो, ‘ओ’ नाही. ‘मित्राला भेटतो’ला ‘तोमोदाचि नि आइमासु’, ‘बसने जातो’ला ‘बासु दे इकिमासु’. इंग्रजीवरून गेलात की नेमकं हेच चुकतं.

मराठी फसवते ती मुख्यतः दोन ठिकाणी. एक, सप्तमीचा ‘त’. ‘पुण्यात राहतो’ आणि ‘पुण्यात नोकरी करतो’, आपल्याकडे दोन्हीकडे ‘त’. जपानीत राहण्याला ‘नि’ (पुने नि सुंदे इमासु), काम करण्याला ‘दे’ (पुने दे हाताराकिमासु). कृती जिथे घडते तिथे ‘दे’. नुसतं असणं, राहणं असेल तर ‘नि’. दुसरं, ‘आहे’. ‘हे पुस्तक आहे’ला ‘देसु’, ‘टेबलावर पुस्तक आहे’ला ‘आरिमासु’, ‘बागेत कुत्रा आहे’ला ‘इमासु’. या तिन्हींची रोज पाच-पाच वाक्यं स्वतः रचून लिहा.

जपानी शब्द मात्र देवनागरीत लिहून पाठ करू नका. (इथे मी सोयीपुरती वापरतोय.) जपानीत ‘ओबासान’ म्हणजे मावशी-काकू आणि ‘बा’ लांबवला की आजी, देवनागरीतला ‘बा’ आधीच दीर्घ, त्यामुळे फरक पुसला जातो. टाळी वाजवत म्हणा: ओ-बा-सा-न चार टाळ्या, ओ-बा-आ-सा-न पाच. हिरागाना (आधी शिकायची जपानी लिपी) हिची मूळ अक्षरं ४६. चौकटीच्या वहीत रोज दहा घेतली तर आठवड्याच्या आत होतात. काताकानात (परदेशी शब्दांसाठीची दुसरी लिपी) ‘शि’ आणि ‘त्सु’ यांचा गोंधळ सगळ्यांचा होतो. ‘शि’च्या दोन छोट्या रेघा डावीकडे एकाखाली एक असतात आणि लांब रेघ खालून वर जाते, ‘त्सु’च्या छोट्या रेघा वर शेजारी-शेजारी आणि लांब रेघ वरून खाली येते. ‘न’ हा ‘शि’सारखा, ‘सो’ हा ‘त्सु’सारखा. छापील अक्षर नुसतं बघून हे कळत नाही, हात फिरवावाच लागतो.

पुढे ते-फॉर्म येईल, म्हणजे क्रियापदाचं ‘ते’ किंवा ‘दे’ने संपणारं रूप. ते कसं होतं हे क्रियापदाच्या गटावर ठरतं. पहिल्या गटात मूळ रूपाचा शेवट उ, त्सु, रु असेल तर ‘त्ते’. मु, बु, नु असेल तर ‘न्दे’. कु असेल तर ‘इते’, गु असेल तर ‘इदे’, सु असेल तर ‘शिते’. ‘इकु’ (जाणे) तेवढं अपवाद: ‘इत्ते’. दुसऱ्या गटात ‘रु’ काढून ‘ते’ लावायचा, ताबेरु-ताबेते. घोटाळा होतो तो दुसऱ्या गटातल्यासारख्या दिसणाऱ्या पण पहिल्या गटातल्या क्रियापदांत: काएरु, हाइरु, शिरु. ‘किरु’ तर दोन्हीकडे आहे. कापणे असेल तर ‘कित्ते’, कपडे घालणे असेल तर ‘किते’. म्हणून नवं क्रियापद वहीत उतरवतानाच शेजारी गटाचा आकडा लिहा.

जेएलपीटी एन५ (जपानी भाषेच्या परीक्षेची सर्वात सोपी पातळी) द्यायची असेल तर (पुण्यातही केंद्र आहे) १८० पैकी ८० लागतात, पण ऐकण्याच्या ६० पैकी किमान १९ हवेतच. एकूण कितीही पडले तरी तिथे कमी पडलात तर नापास. कॉलेजच्या परीक्षेत लेखीवर भर असेल, तरी पाठाचा ऑडिओ रोज दहा मिनिटं पुस्तक मिटून ऐका.