जिना लपवू नकोस

प्रिय,

तुझ्या वसाहतीचा आराखडा दोनदा पाहिला. नियमांत सगळं बसतंय, रेखाटनही देखणं आहे. तरी लाल पेन उचललंच. दारातून आत आलं की समोर लिफ्ट, आणि जिना मागच्या कोपऱ्यात, जाड दाराआड, बिनखिडकीचा. असा जिना लोकांना लिफ्ट बंद पडल्यावरच आठवतो. मग कुणीतरी ‘आरोग्यासाठी जिना वापरा’ अशी पाटी लावतं. पाटी लागली की आराखडा फसला, असं मी समजतो. आगीसाठीचा बंदिस्त जिना नियमाप्रमाणे असू दे. रोजचा मात्र समोर आण, वळणावर खिडकी दे, पायरीची उंची १५० मिलिमीटरच्या आसपास ठेव. गुडघे दुखणाऱ्यांना आणि चाकाच्या खुर्चीवाल्यांना लिफ्ट हवीच, पण ती थोडी बाजूला असली तरी सापडते.

आता रस्ता. इथे मी जरा जास्त बोलणार आहे.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस नगररचनेचे अभ्यासक डोनल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतले एकमेकांसारखेच तीन रस्ते अभ्यासले. मोठा फरक होता तो रहदारीचा. एकावरून दिवसाला सुमारे २,००० वाहनं जात, दुसऱ्या टोकाच्या रस्त्यावरून १६,०००. शांत रस्त्यावरच्या माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी ३ मित्र होते, गजबजलेल्या रस्त्यावर ०.९. म्हणजे धड एकही नाही! ‘आपली जागा कुठपर्यंत?’ असं विचारल्यावर शांत रस्त्यावरच्यांच्या मनात रस्ताही येत होता. गजबजाटातल्यांची जागा दारापाशीच संपत होती. एकटेपणाला औषध नंतर शोधतात, रस्त्याची रुंदी आधी ठरते.

आणि तू आतला रस्ता सरळसोट, १२ मीटर रुंद काढलास. असा रस्ता दिसला की पाय ॲक्सिलरेटरवर जातोच, वेगमर्यादा काहीही लिहा. वाहनांची पट्टी अरुंद कर, उरलेल्या जागेत सावलीची झाडं आणि दोघी शेजारणींना गप्पा मारत सहज चालता येईल असा पदपथ दे.

बागेबद्दल माझीच चूक सांगतो. एका वसाहतीत ती मी मागच्या उरलेल्या तुकड्यात ढकलली होती. वर्षाने गेलो तर गवत गुडघ्याएवढं. बाग वाईट नव्हती, पण तिच्यातून कुणाचीच रोजची वाट जात नव्हती. तुझ्या आराखड्यातही तीच जागा दिसतेय.

खिडक्यांसाठी, रुग्णालयांच्या रचनेचे अभ्यासक रॉजर उलरिक यांचा १९८४ चा लेख वाच. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. रुग्ण ४६च होते, तेव्हा त्यावर फार मोठा इमला बांधू नकोस. पण शयनगृहाची खिडकी वाहनतळाकडे काढताना हात थोडा अडखळू दे.

दुरुस्तीआधी एकदा भर दुपारी जागेवर जा, सोबत कुणी सत्तरीतलं माणूस घे. ते कुठे थांबतं, कशाला टेकतं, एवढंच टिपून घे. मग मला आधी जिन्याचा छेद, म्हणजे उभा कापून दाखवलेलं रेखाटन, पाठव, दर्शनी चित्र नंतर.

तुझा,
सर