पुन्हा भेटलेलं पहिलं प्रेम: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझं वय 57. मिस्टरांना जाऊन सहा वर्षं झाली. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो पुन्हा भेटला, ज्याच्याशी जात वेगळी म्हणून घरच्यांनी लग्न होऊ दिलं नव्हतं. तो पुण्यात असतो, त्याचीही पत्नी वारली आहे. रोज तासभर बोलतो, लग्नाचा विचार आहे. मुलगा विचारतो, 'बाबांच्या फ्लॅटचं काय?' मुलगी तर बोलतच नाही. मी वाहवत चालले आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, तुमची ओढ खोटी नाही. नॅन्सी कॅलिश या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1990च्या दशकात अशा पुन्हा जुळलेल्या जोड्यांचा अभ्यास केला. तरुणपणी आईवडिलांच्या विरोधामुळे तुटलेली बरीच नाती त्यांना त्यात आढळली. अशा नात्याचा शेवट आपण केलेला नसतो, म्हणून ते मनात उघडं राहतं. मात्र विशीतल्या आठवणी माणसाला उतारवयात सर्वांत ठळक आठवतात. त्यामुळे ओढ त्याची आहे की आपल्याच विशीची, हे फोनवर कळत नाही. तिथे दोघंही आपलं बरं तेवढंच दाखवतात.

म्हणून किमान सहा महिने साध्या कामांत भेटा. त्याच्या डॉक्टरकडे सोबत जा, बँकेतलं कंटाळवाणं काम एकत्र करा, एक सण त्याच्या मुलांसोबत घालवा. औषधं, कर्ज, दरमहा येणारे पैसे, राहायचं नाशिकला की पुण्याला, हे सगळं स्पष्ट विचारा. हॉलमधला पहिल्या जोडीदाराचा फोटो तिथेच राहणार का आणि वर्षश्राद्ध कोण करणार, हेही आधी ठरवा. अशी लग्नं बहुतेकदा याच गोष्टींवर अडतात. हे विचारल्यावर तो चिडला किंवा सारखा विषय टाळू लागला, तर लग्न पुढे ढकला.

आता फ्लॅट. मुलाचा प्रश्न आम्हाला स्वार्थी वाटत नाही. फ्लॅट मिस्टरांच्या एकट्याच्या नावावर होता आणि मृत्युपत्र नव्हतं, तर 1956च्या हिंदू वारसा कायद्याने तो तुम्ही, मुलगा आणि मुलगी यांत समान वाटला जातो. सासूबाई तेव्हा हयात असल्या तर त्यांचाही वाटा. सोसायटीत नॉमिनी म्हणून तुमचं नाव लागलं, तरी पूर्ण मालकी येत नाही. पुनर्विवाहाने तुमचा वाटा जात नाही, तो तुमचाच. पण तुम्ही मृत्युपत्राविना गेलात, तर तो तुमच्या दोन मुलांत आणि नव्या पतीत सारखा वाटला जाईल. मुलाची भीती नेमकी हीच आहे.

उपाय म्हणजे मृत्युपत्र. दोन साक्षीदार घ्या आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीला घेऊ नका. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून घ्याच. लग्नानंतर नव्या तारखेचं मृत्युपत्र पुन्हा करा. मुलांच्या समाधानासाठी हक्कसोडपत्रावर मात्र सही करू नका. ते एकदा नोंदलं की सहजी फिरवता येत नाही, आणि नातं फिसकटलं तर राहायला घर उरत नाही. होणाऱ्या पतीकडूनही एक गोष्ट आग्रहाने मागा: त्याच्या पश्चात तुम्हाला त्याच्या घरात हयातभर राहता येईल, असं त्याच्या मृत्युपत्रात हवं. नाहीतर तेरावं झालं की घर रिकामं करा म्हणणारी मुलं असतात.

पेन्शनची चौकशी तारीख काढण्याआधी करा. ईपीएस-95चं, म्हणजे भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून मिळणारं विधवा पेन्शन पुनर्विवाहानंतर थांबतं. सरकारी कुटुंब निवृत्तिवेतन असेल तर त्या कार्यालयातून लेखी उत्तर घ्या.

विशेष विवाह कायद्याने लग्न करणार असाल तर दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस वास्तव्य हवं. नोटीस लागल्यावर 30 दिवस थांबायचं, नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न करायचं, तीन साक्षीदार आणायचे. दोघांच्या दिवंगत जोडीदारांचे मृत्यूचे दाखले जवळ ठेवा. ही नोटीस कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावतात, तेव्हा मुलांना तिसऱ्याकडून कळण्याआधी तुम्हीच सांगा. दोघांना वेगवेगळं भेटा. मुलीला आधी, कारण तिचा अबोला मुलाच्या प्रश्नाहून खोल दिसतो. तिथे 'परवानगी देशील का' असं विचारू नका. निर्णय तुमचा आहे; तिच्याकडून फक्त तिला काय वाटतं ते ऐका, आणि तिच्या बाबांची आठवण निघाली की विषय बदलू नका.

प्रश्न: मी 33 वर्षांचा. शाळेपासून जिच्यावर प्रेम होतं ती लग्न मोडून माहेरी आली आहे. घटस्फोट 'होतच आलाय' म्हणते. घरचे साखरपुडा उरकायला सांगतात.

उत्तर: उरकू नका. न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूमनामा होईपर्यंत ती कायद्याने विवाहितच आहे; त्याची प्रमाणित प्रत बघूनच पुढे जा. त्याआधीचं लग्न रद्दबातल ठरतं आणि गुन्हाही होतो. शिक्षा सात वर्षांपर्यंत. परस्परसंमतीच्या अर्जात पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यात सहा महिन्यांचं अंतर असतं. योग्य प्रकरणात न्यायालय ते माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली सांगितलं. दावा एकतर्फी किंवा लढवलेला असेल तर हुकूमनाम्यानंतर अपिलाचे 90 दिवसही जाऊ द्या आणि अपील झालेलं नाही याची वकिलाकडून खात्री करा.

तोवर एकत्र फोटो टाकू नका. ते समोरच्या बाजूने कोर्टात दाखवले, तर पोटगी आणि मुलाच्या ताब्याच्या वादात त्रास तिलाच होईल. तिच्या नवऱ्याशी तुम्ही स्वतः बोलू नका. तिला मूल असेल तर त्याची ओळख शेवटी, कागद पुरे झाल्यावर.