इकोचा रिपोर्ट हातात आल्यावर

प्रिय,

इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टचा फोटो मिळाला. झडप मध्यम अरुंद असल्याचं सांगणाऱ्या 'मॉडरेट'खाली लाल रेघ, आणि प्रश्न एकच: म्हणजे आता ऑपरेशन का? नाही, निदान एवढ्या कागदावरून तरी नाही.

तुझ्या महाधमनीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या) झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या आहेत. शंभरातल्या एखाद-दुसऱ्याला जन्मतःच असं असतं. झडप पुरती उघडली नाही की रक्त अरुंद वाटेतून जोरात निघतं. इको तो जोर मोजतो. तुझा कमाल वेग सेकंदाला 3.1 मीटर. 3 पासून 4 पर्यंत मध्यम, 4 पासून पुढे तीव्र. खालचा ग्रेडियंट, म्हणजे झडपेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक, 38 पाहून तू जास्त घाबरलेला दिसतोस, पण तो 3.1 वरूनच काढलेला आहे: वेगाचा वर्ग, गुणिले चार. दोन वाईट बातम्या नाहीत, एकच दोनदा लिहिलीय. शिवाय 'तीव्र'साठी तू वाचलेली 40 ची रेषा सरासरी ग्रेडियंटची. तुझा 38 कमाल आहे. सरासरी 22 आहे, वरच्याच ओळीत बघ.

मागच्या वेळी वेग 2.9 होता, म्हणून तेव्हा 'माइल्ड' होतं. एवढा फरक छातीवर टेकवायच्या प्रोबचा कोन बदलल्यानेही पडतो. ताप, रक्तक्षय, नुसती धडधड, यांनीही वेग वाढतो. शब्द बदलला म्हणून झडप तेवढी बदललीच असं नाही. पुढचे दोन-तीन रिपोर्ट एका रांगेत ठेवल्यावर खरं काय ते कळेल. शक्यतो इको एकाच ठिकाणी करत जा.

इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतल्या रक्ताचा किती भाग बाहेर ढकलतं ते, 60 टक्के, छान. पण त्यावर फार विसंबू नकोस, झडप बिघडत गेली तरी तो आकडा उशिरा घसरतो. जिना चढताना छाती आवळली, दम लागला, चक्कर आली, तर तारखेची वाट न बघता डॉक्टरांना गाठ.

मला खटकलं ते वेगळंच. चढत्या महाधमनीचं, म्हणजे तिच्या झडपेपासून वर जाणाऱ्या भागाचं, माप रिपोर्टात नाहीच. दोन पाकळ्यांच्या झडपेबरोबर ती रुंदावू शकते, झडप बरी असली तरी. 40 मिलिमीटरपासून नियमित लक्ष ठेवतात; ऑपरेशनचा विचार साधारण 55 ला, इतर धोके असतील तर 50 लाही. इकोत नीट दिसत नसेल तर सीटी किंवा एमआरआय करतात. हे माप मागूनच घे.

आईवडील आणि भावंडांचाही एकदा इको करावा का, तेही त्याच भेटीत विचार. हा दोष घराण्यात असू शकतो.