उत्तर: बी-पिलरच्या पायथ्याची रचना आणि एफईआरमधला 'ऑब्व्हियस' आक्षेप

सगळ्यात आधी एक काम करा. पोस्टच्या शेवटी तुम्ही सुधारित सेक्शनचा जो फोटो टाकला आहे तो काढून टाका, मग पुढचं वाचा. मूळ पेटंट अर्ज प्रकाशित झालाय, त्यातली चित्रं दाखवायला काहीच हरकत नाही. पण सुधारित रचना त्या अर्जात नाही असं तुम्हीच लिहिलंय. उद्या ती वेगळी फाइल करायला गेलात तर हाच फोटो प्रायर आर्ट (आधीच जाहीर असलेली माहिती) म्हणून तुमच्यापुढे ठेवला जाऊ शकतो. आपणच जाहीर केलेल्या गोष्टीला आपल्या कायद्यात मिळणारी सूट फार अरुंद आहे. अधिसूचित प्रदर्शन, विद्वत्संस्थेपुढे वाचलेला पेपर, अशा मोजक्या गोष्टी तिच्यात बसतात. फोरमवरची पोस्ट त्यात बसत नाही.

ज्यांनी पोस्ट वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. घणसोलीच्या या दोघांनी गाडीच्या साइड सिलच्या (दाराखालच्या लांब पोकळ तुळईच्या) आत, बी-पिलरच्या (पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबाच्या) पायथ्याशी बसणारं एक रीइन्फोर्समेंट डिझाइन केलं. एफईआरमध्ये (पेटंट ऑफिसच्या पहिल्या तपासणी अहवालात) एक्झामिनरने डी-१ म्हणून एक जपानी आणि डी-२ म्हणून एक जर्मन पेटंट लावलंय. दोन्ही एकत्र केली की क्लेम १ (मागितलेल्या हक्काची मुख्य व्याख्या) तयार होतो, म्हणजे जाणकाराला तो 'ऑब्व्हियस', उघड आहे, म्हणून पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए)खाली इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही, आणि जोडीला कलम ३(एफ). एजंट म्हणतो, "क्लेममध्ये मापं घालू, लगेच सुटेल." यांचा प्रश्न असा की मापं घालायची, की आधी अँटॉप हिलच्या पेटंट ऑफिसात जाऊन एक्झामिनरला भेटायचं.

एजंटचं ते वाक्य मी अगदी याच शब्दांत ऐकलेलं आहे. म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

मी पेटंट एजंट नाही, वकील नाही. वागळे इस्टेटमध्ये बॉडी स्ट्रक्चरचं डिझाइन आणि टूलिंग करतो. खाली लिहिलंय ते एका केसमधून कळलेलं आहे. पोस्टमधला उत्तराचा मसुदा सोडला तर तुमची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत, तेव्हा काहीही फाइल करण्याआधी जाणकाराला दाखवाच.

आमची रचनाही तुमच्याच जागेची होती. बाजूने धडक बसली की बी-पिलरचा पायथा सिलला आत रेटतो. सिल नुसता आत सरकत नाही, पिळलाही जातो. फ्लोअरचा क्रॉस मेंबर (आडवी तुळई) तो रेटा टनेलकडे (फ्लोअरच्या मधल्या उंचवट्याकडे) नेतो खरा, पण पीळ वाढला की सिलच्या वरच्या फ्लँजवरचे (जोडायच्या कडेवरचे) स्पॉट वेल्ड सोलून निघायला लागतात. स्पॉट वेल्ड शिअरमध्ये (पत्रे एकमेकांवर सरकू पाहतात तेव्हा) चांगला टिकतो, पीलमध्ये (ते सोलले जातात तेव्हा) लवकर सुटतो, हे तुम्हाला सांगायला नको. आणि पत्रा हॉट स्टॅम्प केलेला (तापवून साच्यात दाबून कडक केलेला) असेल तर वेल्डच्या कडेचा पट्टा उष्णतेने मऊ झालेला असतो, त्याची काळजी वेगळीच. आम्ही काय केलं, तर सिलच्या आतली आडवी बल्कहेड प्लेट वरच्या फ्लँजला जोडलीच नाही. मुद्दाम फट ठेवली. त्यामुळे सिल पिळायला लागला की वरची कड मोकळी राहते आणि लोड खालच्या ओळीतल्या वेल्डमधून शिअरमध्ये क्रॉस मेंबरला जातो. स्पेसिफिकेशनमध्ये (अर्जातल्या सविस्तर वर्णनात) हा परिच्छेद होता. मी स्वतः लिहून दिलेला होता.

आमच्या डी-१ मध्ये याच्या बरोबर उलट सांगितलं होतं: प्लेट चारही कडांना जोडा, म्हणजे सेक्शन ताठ राहील. डी-२ मध्ये फट होती, पण ती ई-कोटच्या (गंजरोधक लेपाच्या) टाकीत बुडवल्यावर द्रावण आत शिरावं आणि निथळावं म्हणून. आता विचार करा. डी-१ हातात असलेल्या बॉडी इंजिनिअरला निचरा हवा असेल तर तो काय करेल? प्लेटला भोक पाडेल आणि चारही कडा जोडलेल्याच ठेवेल. सगळे तेच करतात. निचऱ्यासाठी वरची वेल्डची अख्खी ओळ काढून टाकण्याचा विचार त्याच्या मनातही येणार नाही, कारण डी-१ त्याला ती ओळ हवीच म्हणून सांगतोय.

ऑब्व्हियसनेसच्या आक्षेपाला आमचं उत्तर एवढंच होतं, आणि ते स्पेसिफिकेशनमध्ये तयार होतं. पण उत्तर तयार करण्याचं काम ज्या ऑफिसकडे होतं (नाव घेत नाही, विचारूही नका) त्यांनी त्यातला एक शब्द वापरला नाही. पानंच्या पानं भरून लिहिलं की डी-१ मध्ये फट नाही, डी-२ मध्ये अशी प्लेट नाही. अहो, एक्झामिनरने कुठे म्हटलं होतं की एकाच कागदात सगळं आहे? ते नॉव्हेल्टीच्या (नावीन्याच्या) आक्षेपाला द्यायचं उत्तर. इथे प्रश्न दोन कागद जोडण्याचा होता, आणि त्या जोडणीबद्दल उत्तरात एक ओळही नव्हती. वर क्लेम १ मध्ये, मला न विचारता, "१२ ते १५ मिमी फट" असं घालून टाकलं. तो आकडा कुठून आला? आमच्या एका नमुन्याच्या वर्णनातून. त्या नमुन्यात फट तेवढी होती, कारण हाताशी असलेल्या डायमधून तेवढीच येत होती. फाइल झाल्यावर मला कॉपी आली.

पुढे हिअरिंगला कंट्रोलरने (निर्णय देणाऱ्या पेटंट अधिकाऱ्याने) रास्त प्रश्न विचारला. १२ ते १५ मध्येच काय विशेष घडतं? १० ला किंवा २० ला काय बिघडतं? याचं उत्तर स्पेसिफिकेशनमध्ये नव्हतंच, कारण त्या आकड्यात विशेष काही नव्हतं, विशेष होतं ते कड मोकळी ठेवण्यात. मग ऐन वेळी एका डिपेंडंट क्लेममधली (क्लेम १ वर आधारलेल्या, जास्त अटींच्या क्लेममधली) वेल्डच्या ओळींची अटही क्लेम १ मध्ये ओढून घेतली गेली आणि पेटंट मिळालं.

त्यानंतर चाकणच्या बाजूचा एक पुरवठादार, ज्याच्याशी लायसन्सचं बोलणं जवळजवळ ठरत आलं होतं, त्याने ग्रँट झालेला क्लेम शांतपणे वाचला आणि फट १८ ठेवली. परिणाम तोच, वेल्ड तेच, काम तेच. त्याला मी दोष देत नाही, क्लेम वाचूनच धंदा करायचा असतो. ऑफिसला फोन केला तर म्हणाले, ग्रँट मिळालं ना. क्लेम पुन्हा रुंद करता येईल का विचारलं तर तेव्हा कुठे कलम ५९ सांगितलं: दुरुस्त केलेला क्लेम आधीच्या क्लेमच्या पूर्ण आत बसला पाहिजे. म्हणजे आकडा एकदा आत गेला की बाहेर निघत नाही. डिव्हिजनल (मूळ अर्जातून वेगळा काढलेला अर्ज) फाइल करायचा रस्ताही ग्रँटच्या आधीचा. हे सगळं मापं घालण्याआधी सांगायचं असतं. लोकांची काही वर्षांची मेहनत एका ओळीत बंद होते आणि ती ओळ अर्जदाराला दाखवण्याइतकाही वेळ कोणाकडे नसतो, याची मला आजही चीड येते.

तेव्हा एजंटला आजच लेखी कळवा की क्लेममधला एकही शब्द मला दाखवल्याशिवाय बदलायचा नाही, आणि उत्तराचा मसुदा मुदतीच्या बराच आधी हवा. मुदत एफईआरच्या तारखेपासून ६ महिने. फॉर्म ४ आणि फी भरून ३ महिने वाढवून मिळतात, पण तो अर्ज मुदत संपण्याआधी गेला पाहिजे. उत्तर गेलंच नाही तर कलम २१खाली अर्ज सोडून दिला असं धरतात.

माझं ठाम मत: मापाला स्वतःचा तांत्रिक परिणाम असेल आणि तो स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेला असेल, तरच ते क्लेम १ मध्ये घाला. नाहीतर मापं डिपेंडंट क्लेममध्ये राहू द्या. नुसत्या मापाने ऑब्व्हियसनेस सुटेलच असंही नाही. १९७८ च्या बिश्वनाथ प्रसाद निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की केवळ वर्कशॉप इम्प्रूव्हमेंट पुरेशी नाही, आणि माप बदलणं म्हणजे वर्कशॉप इम्प्रूव्हमेंट असं म्हणणं सगळ्यात सोपं. ती केसही आपल्यासारख्याच कारखान्यातली होती, लेथवर भांडी धरून ठेवायच्या साधनाची. वकील नसलात तरी वाचून काढा.

आता उत्तर कसं लिहायचं. डी-१ आणि डी-२ पूर्ण वाचा. एक्झामिनरने दिलेल्या परिच्छेदांवर थांबू नका, मशीन भाषांतर कितीही कंटाळवाणं असलं तरी शेवटपर्यंत जा. दोन गोष्टी शोधायच्या. डी-१ ला अशी कोणती अडचण उरली होती जिच्यासाठी त्याचा वाचक डी-२ कडे जाईल? आणि डी-२ मधला भाग डी-१ मध्ये बसवला तर डी-१ चं मूळ उद्दिष्ट टिकतं का? पोस्टमधल्या वर्णनावरून तुमचा डी-२ क्रॉस मेंबरचं टोक मुद्दाम चुरगळू देतो, आणि डी-१ ला तिथे काहीच हलायला नको आहे. तसं असेल तर तुमचं अर्धं काम तिथेच झालंय. ते परिच्छेद क्रमांकासह लिहा.

त्या लिखाणाला चौकट हवी असेल तर दिल्ली उच्च न्यायालयाच्या रोश विरुद्ध सिप्ला या २०१५ च्या निकालातल्या पाच पायऱ्या घ्या: जाणकार माणूस कोण, मूळ कल्पना कोणती, त्या तारखेला सर्वांना माहीत असलेलं ज्ञान काय, फरक काय, आणि शोध कळल्यावर मागून पाहण्याचा दोष टाळून तो फरक उघड होता का. औषधाची केस असली तरी पायऱ्या पत्र्यालाही लागतात. आणि एफईआरमध्ये "डी-१ व डी-२ पाहता ऑब्व्हियस" एवढीच ओळ असेल तर त्याच न्यायालयाचा अॅग्रिबोर्डचा २०२२ चा निकाल आदराने दाखवा. प्रायर आर्ट काय सांगतं, अर्जातला शोध काय आहे आणि जाणकाराला तो कसा उघड ठरला असता, हे तिन्ही तपासल्याशिवाय नाकारता येत नाही असं त्यात आहे.

परदेशी निकालांचा ढीग लावू नका. तुमच्या मसुद्यात केएसआर दिसला. तो अमेरिकेचा २००७ चा निकाल गाडीच्याच भागाचा आहे, अॅडजस्टेबल अॅक्सिलरेटर पेडलवर सेन्सर बसवण्याचा, आणि तिथे क्लेम ऑब्व्हियस ठरला. तुम्ही तो स्वतःहून का पुढे करताय?

कलम ३(एफ)ला वेगळं उत्तर लागत नाही. ते कलम आहे एकमेकांपासून स्वतंत्र, ठरलेल्या पद्धतीने चालणारे माहीत असलेले भाग शेजारी मांडण्याबद्दल. तुमचे दोन भाग एकमेकांमुळे वेगळे वागतात हे दाखवलं की दोन्ही आक्षेपांना तोच मजकूर चालतो.

"वजन ८ टक्के घटलं" यावर मसुद्यात फार जोर दिलाय. कलमात आर्थिक महत्त्व हा शब्द आहे, पण ते असलं तरी जाणकाराला उघड नसण्याची अट सुटत नाही. वजन घटवायला तर आपल्या धंद्यातला प्रत्येक जण बसलेला आहे. वजन का घटलं, कोणता लोड कुठून गेला म्हणून पत्रा पातळ करता आला, ते आधी लिहा, टक्केवारी नंतर.

सिम्युलेशनची चित्रं जरूर लावा. दोन रन: तुमची रचना, आणि डी-१ मध्ये डी-२ सरळ बसवलेली रचना. मेश (मॉडेलची जाळी) तोच, मटेरियल कार्ड (पत्र्याचे गुणधर्म) तेच, इम्पॅक्टरचा (धडकणाऱ्या वस्तूचा) वेग तोच. वेल्डमधलं पील आणि शिअर बळ वेगळं काढून दाखवा. सोबत प्रतिज्ञापत्र द्या. फक्त एक लक्षात असू द्या, नव्या रनने जुन्या वाक्याला आधार द्यायचा. मूळ स्पेसिफिकेशनमध्ये ज्या परिणामाचा मागमूसही नाही तो आता आणता येणार नाही. प्रतिज्ञापत्र कोणाचं, यावर माझं मत थोडं वेगळं आहे: प्राध्यापक चालतील, पण राबाळ्याच्या किंवा महापेच्या बॉडी शॉपमध्ये वेल्ड फिक्स्चर लावणारा अनुभवी माणूस अधिक योग्य. कायद्यातला जाणकार त्याच्या जास्त जवळ आहे. तो तुमच्या पगारावरचा मात्र नसावा.

अँटॉप हिलला जाऊ नका. अर्ज मुंबईत फाइल झाला तरी तपासणी चेन्नई, कोलकाता किंवा दिल्लीतला एक्झामिनर करत असू शकतो, एफईआरवर पाहा. हिअरिंग व्हिडिओवर होते. तिथे तुम्ही स्वतः बसा, एजंटवर सोडू नका. सेक्शनची दोन चित्रं स्क्रीनवर तयार ठेवा आणि लोड कुठून जातो ते तुमच्या तोंडून सांगा. माझ्या हिअरिंगमध्ये मला बोलायची परवानगी होती, पण ऑफिसने "गरज नाही" म्हणून मला दुसऱ्या लिंकवर ठेवलं होतं. हिअरिंगनंतर लेखी म्हणणं द्यायला १५ दिवस असतात, आणि ते शनिवार-रविवार धरून.

सुधारित रचनेबद्दल एजंटला पेटंट ऑफ अॅडिशनचं (मुख्य पेटंटला जोडून मिळणाऱ्या सुधारणेच्या पेटंटचं) विचारा. मुख्य शोधातली सुधारणा असेल तर तुमच्याच मुख्य अर्जाच्या तुलनेत इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही एवढ्याच कारणावरून ते नाकारता येत नाही, आणि वेगळी रिन्यूअल फी लागत नाही. ते मुख्य पेटंटच्या आधी मात्र मिळत नाही. फोटो किती वेळ इथे होता तेही त्यांना खरं सांगा.

क्लेम १ चा फाइल केलेला मजकूर आणि डी-१, डी-२ चे प्रकाशन क्रमांक इथे टाकलेत तर रविवारी बसून वाचतो. एजंटने सुचवलेला बदललेला क्लेम मात्र इथे टाकू नका, मला वैयक्तिक निरोपात पाठवा.