तीस टक्के भागीदारी आणि सहा सिमकार्डं

पत्र

सर, मी फोंड्याची, टी.वाय. बीसीएला आहे. दीड वर्षापासून आसगावच्या एका दादांकडे पार्टटाइम काम करते. ते पूर्वी पुण्यात वेबसाइट्सचा धंदा करायचे, आता किनाऱ्यावरची हॉटेलं, शॅक आणि व्हिला यांचं ऑनलाइन मार्केटिंग करतात. सुरुवातीला मी फोटो आणि मजकूर बघायचे. मग रिव्ह्यू लिहायला लागले. सगळेच करतात, कोणाचं काही बिघडत नाही. त्यासाठी सहा सिमकार्डं घेतली, काही माझ्या, काही बाबांच्या आणि एक मावसभावाच्या नावावर. मागच्या महिन्यात एका व्हिलासाठी फोटो दुसऱ्याच साइटवरून उचलून लावायला सांगितले, मी माझ्या लॉगिनने लावले. आता दादा म्हणतात, कॉलेज सोड, पूर्णवेळ ये, तुला तीस टक्के भागीदारी देतो. शिवाय कंपनीचं खातं फ्रीज झालंय, तर महिनाभर गिऱ्हाइकांचे पैसे माझ्या खात्यात घेऊ म्हणतात. ते मनाने वाईट नाहीत. त्यांच्या जुन्या पार्टनरांनी त्यांना बुडवलं. ते नेहमी म्हणतात, ‘नेटवर सरळ मार्गाने कोणी कमावलेलं नाही, तू नवीन आहेस म्हणून तुला विचित्र वाटतं.’ बाबांचं भुसारी दुकान आहे, त्यांना वाटतं मी सरकारी नोकरीचे फॉर्म भरावेत. मला हे काम खरंच आवडतं. काय करू? नाव छापू नका.

उत्तर

चि. बाय,

तुझा प्रश्न भागीदारीचा आहे, पण मी आधी बँक खात्याचं बोलतो, कारण घाई तिथे आहे. दादांना तुझं खातं वापरू देऊ नकोस. महिनाभरासाठी नको आणि एका व्यवहारापुरतंही नको. हो म्हणून बसली असशील तर आजच नाही म्हण, आणि तेही व्हॉट्सॲपवर लिहून.

खातं फ्रीज होतं म्हणजे काय होतं ते समजून घे. फसलेला माणूस १९३० या हेल्पलाइनला फोन करतो किंवा सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकतो. त्याचे पैसे ज्या ज्या खात्यांतून फिरले त्यांचा माग काढला जातो आणि वाटेतल्या खात्यांत रक्कम अडवली जाते. यात कधी कधी सरळमार्गी दुकानदारही अडकतो. गिऱ्हाइकाने गडबडीच्या पैशातून बिल भागवलेलं असतं आणि याला पत्ताच नसतो. दादांचंही तसं झालं असेल. पण मग माणूस बिलं आणि करार घेऊन बँकेत जातो, पोलिसांना भेटतो, वकील करतो. टी.वाय.च्या मुलीचं खातं मागत नाही. समज, नाशिकच्या एखाद्या कुटुंबाने व्हिलाचे आगाऊ भरलेले पैसे तुझ्या खात्यात आले, ती माणसं मोपा विमानतळावर उतरून टॅक्सीने पत्त्यावर गेली आणि तिथे दुसऱ्याच कुणाचं बिऱ्हाड निघालं. तक्रारीत पहिलं नाव कोणाचं येईल? ज्या खात्यात पैसे गेले त्या खातेदाराचं. दादांचं नाव त्या कागदावर कुठे असेल, हे मला तुझ्या पत्रात शोधूनही सापडलं नाही.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. पत्र पुन्हा वाच आणि कुठली गोष्ट कोणाच्या नावावर आहे एवढंच बघ. सिमकार्डं तुझ्या घरच्यांच्या नावावर. रिव्ह्यूंची खाती त्या सिमवर. फोटो लावले तुझ्या लॉगिनने. आता खातंही तुझं. दादांच्या नावावर काय आहे, तर गिऱ्हाइकांच्या ओळखी आणि सल्ला. या धंद्यात नव्या पोरांना कामाला ठेवतात ते बऱ्याचदा त्यांच्या कौशल्यासाठी नसतंच, त्यांच्या कोऱ्या नावासाठी असतं. जुन्या खेळाडूंची नावं कुठे ना कुठे अडकलेली असतात.

सिमकार्डांचं आधी निस्तर. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ जोडण्या चालतात, त्यामुळे संख्येत तू अजून बसतेस. पण ती वापरतंय कोण, हा प्रश्न उरतोच. संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं, आणि नको असलेला नंबर तिथूनच कळवता येतो. तुझं, बाबांचं, मावसभावाचं, तिघांचंही बघ. सहाच्या जागी आठ निघाले तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आता रिव्ह्यू. तू लिहिलंयस, ‘सगळेच करतात, कोणाचं काही बिघडत नाही.’ बिघडतं. मांद्र्याला तीन खोल्या भाड्याने देणारी एखादी बाई असते. तिच्याकडे वीस-पंचवीस खरे रिव्ह्यू असतात, त्यातल्या एकात ‘पंखा आवाज करतो’ असंही असतं. शेजारच्या हॉटेलाला तू सहा फोनवरून पाच-पाच तारे दिलेस की ती यादीत खाली जाते. तिला कळतही नाही की तिचा सीझन कोणी खाल्ला. कायद्याचं म्हणशील, तर ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये मानकच काढलं आहे, आयएस १९०००. विकत घेतलेला किंवा मालकाने माणसं लावून लिहून घेतलेला रिव्ह्यू त्यात बसत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. आणि गूगलचं म्हणशील, तर खोटे रिव्ह्यू पकडले गेले की ते त्या हॉटेलाचे नवे रिव्ह्यू काही काळ बंद करू शकतं, वर ‘इथले खोटे रिव्ह्यू काढले आहेत’ अशी पाटीही लावू शकतं. ज्या गिऱ्हाइकाकडून तुम्ही पैसे घेतले त्याच्याच दारावर ही पाटी लागणार, ऐन डिसेंबरात.

व्हिलाचे फोटो मात्र मी रिव्ह्यूंच्या रांगेत बसवणार नाही, ते फार पुढचं आहे. दुसऱ्या घराचे फोटो लावून बुकिंग घेणं ही सरळ फसवणूक झाली. दुसरंच कोणी असल्याचं भासवून संगणकाच्या मदतीने फसवलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ड कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. ती लिस्टिंग, म्हणजे साइटवरची त्या व्हिलाची जाहिरात, अजून चालू असेल तर तुझ्या लॉगिनवरून आजच उतरव. पुढे कधीही असं काम आलं तर मालकाला एक प्रश्न विचारायचा: पर्यटन खात्याकडची नोंदणी दाखवा. गोव्यात पर्यटकांना खोल्या देणाऱ्याला १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंद करावी लागते. खरा मालक कागद काढून दाखवतो. बाकीचे चिडतात.

आता दादांच्या अनुभवाकडे येतो. समुपदेशनात येण्यापूर्वी मी पणजीत वेबसाइट्सच करायचो, सायबर कॅफेच्या जमान्यात, त्यामुळे अशा गप्पा मी रात्र-रात्र ऐकल्या आहेत. ‘गूगलमध्ये आपला माणूस आहे’ म्हणणारा भेटला. गिऱ्हाइकाचं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर घेऊन ठेवणारा भेटला. भांडण झालं की तो साइट बंद करायचा आणि हॉटेलवाला ऐन सीझनमध्ये त्याच्या पाया पडायचा. एकच ‘लीड’, म्हणजे चौकशी करणाऱ्या एकाच गिऱ्हाइकाचा नंबर, चार जणांना विकणारा तर फार गोड बोलायचा. आणि यातल्या प्रत्येकाची तक्रार एकच, पार्टनरने बुडवलं.

ते खोटं बोलत नसत. खरंच बुडवलेलं असे. पण याला नशीब म्हणता येत नाही, त्या धंद्याची रचनाच तशी आहे. दोन माणसांनी मिळून खोटे रिव्ह्यू विकले आणि एकाने पैसे दाबले, तर दुसरा कुठे जाणार? बिल नाही, करार नाही, असला तरी न्यायाधीशासमोर ठेवता येत नाही. भागीदारी नोंदलेली नसेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या ६९ व्या कलमानुसार करारातल्या हक्कासाठी पार्टनरवर दावासुद्धा लावता येत नाही. तुझ्या बाबांच्या दुकानात उधारीची वही असते, गिऱ्हाईक ती नाकारत नाही, कारण तांदूळ खरोखरच नेलेला असतो. दादांच्या धंद्यात तांदूळच नाही. मग पार्टनर एकमेकांना धरून ठेवणार कशाने? उद्या तुझे तीस टक्के अडकले तर तूही कोणाला तरी हेच सांगत बसशील.

तीस टक्क्यांचंही बघून घे. त्याच कायद्याचं २५ वं कलम म्हणतं की भागीदार असताना फर्मने जे काही केलं त्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार. म्हणजे नफ्यात तीस, देण्यात शंभर. बाहेर पडलीस तरी जाहीर नोटीस दिल्याशिवाय बाहेरच्या लोकांच्या लेखी तू भागीदारच राहतेस. कोणी म्हणेल एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी करू, त्यात जबाबदारी मर्यादित असते. असते, पण फसवणुकीत तुझा स्वतःचा हात असेल तर ती मर्यादा तुला वाचवत नाही.

राहिलं ते ‘नेटवर सरळ कोणी कमावत नाही’. हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता रागही येत नाही. अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या मोठ्या दुकानसाखळीसाठी शेकडो फालतू साइट्सवर हजारो लिंका पेरल्याचं (लिंका जास्त की गूगल पान वर दाखवतं म्हणून) फेब्रुवारी २०११ मध्ये बाहेर आलं, आणि गूगलवर पहिल्या क्रमांकावर दिसणारी त्यांची पानं पार तळाला गेली. पुढच्या वर्षी, एप्रिल २०१२ मध्ये गूगलने ‘पेंग्विन’ आणलं, म्हणजे अशा पेरलेल्या लिंका पकडून साइट खाली ढकलणारा शोधातला बदल. ज्यांचा सगळा धंदा लिंका विकण्यावर होता त्यांचं दुकान पाहता पाहता उठलं. मार्च २०२४ मध्ये ढिगाने पाडलेला मजकूर आणि जुनी डोमेनं उचलून केलेल्या साइट्स यांच्यावर गूगलचे नवे नियम आले. दर वेळी एक पिढी बेकार होते, आणि तिच्याकडे दाखवायला काही नसतं. मुलाखतीत तू काय सांगणार? दोनशे रिव्ह्यू लिहिले? दीड वर्षात तू जे शिकलीस त्यातलं निम्मं तुला लपवावं लागणार आहे, आणि पूर्णवेळ गेलीस तर सगळंच.

उरलेलं निम्मं मात्र चांगलं आहे, आणि तुला काम आवडतं यावर माझा विश्वास आहे. गोव्यातल्या छोट्या गेस्ट हाऊसवाल्यांचं खरं दुखणं बुकिंग साइट्सचं कमिशन हे आहे. त्यांना थेट बुकिंग हवं असतं. साधी, फोनवर पटकन उघडणारी साइट, खोलीचे खरे फोटो, नकाशावर बरोबर जागा, पैसे घेण्याची नीट सोय, आणि आलेल्या पाहुण्याला ‘रिव्ह्यू लिहाल का’ असं विचारणारा एक मेसेज. विचारणं पूर्णपणे कायदेशीर आहे, बदल्यात सवलत देऊ नये इतकंच. कोल्हापूर, बेळगाव, पुण्याहून येणाऱ्या कुटुंबांसाठी मराठीत नीट लिहिलेली पानं मला फार थोडी दिसतात. ‘शाकाहारी जेवण मिळतं का, मंगेशीला किती वेळ लागतो, आजीला जिने चढावे लागतील का,’ याची उत्तरं देणारं पान फोंड्याच्या मुलीइतकं चांगलं कोण लिहिणार? तुमच्याकडे देवळांना येणारी गर्दी आहे, तिथल्याच दोन-तीन लॉजवाल्यांपासून सुरुवात कर. डोमेन त्यांच्या नावावर, बिल तुझ्या नावाने, आणि आधी-नंतरचे आकडे जपून ठेव. मुलाखतीत पुढे करायला हे आकडे पुरतील.

कॉलेज सोडायचा प्रश्नच नाही. शेवटचं वर्ष पुरं कर. पुढे विद्यापीठात एमसीए आहे. स्वतःचंच काही उभारायचं असेल तर फातोर्ड्याला डॉन बॉस्को अभियांत्रिकी महाविद्यालयातलं ‘फीरे’ आणि वेर्ण्याचं ‘सीबा’ ही इनक्युबेशन केंद्रं, म्हणजे नव्या धंद्यांना उभं राहायला मदत करणारी केंद्रं आहेत. तिथे निदान कंपनी कशी नोंदवायची आणि भागीदारीचा करार कसा लिहायचा हे सांगणारी माणसं भेटतील. त्यासाठी आसगावला जायची गरज नाही. बाबांचे सरकारी फॉर्म भरायला माझी हरकत नाही, अभ्यास वाया जात नाही. फक्त ‘नोकरी लावून देतो, इतके द्या’ म्हणणारा कोणी दुकानात आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. २०२४ च्या अखेरीस अशा प्रकरणांत लोक कसे नागवले गेले ते बाबांनी वाचलं असेलच.

दादांना सोडताना भांडू नकोस आणि धमकी तर मुळीच देऊ नकोस. चार ओळींचा मेसेज पुरे: अमुक तारखेपासून काम थांबवत आहे, माझ्या नावावरचे नंबर बंद करत आहे, माझं खातं वापरायला संमती नाही. गिऱ्हाइकांची माहिती सोबत आणू नकोस. आपल्या खात्यांवरचे खोटे रिव्ह्यू काढून टाक, पण दादांशी झालेले जुने चॅट पुसू नकोस. कोणी सांगितलं म्हणून काय केलंस, हे दाखवायला तेच लागतील. लिस्टिंग उतरवण्याआधी तिचाही स्क्रीनशॉट घे. पगार बाकी असेल तर माग, पण ‘खातं दे, मग देतो’ असं म्हणाले तर त्या पैशांवर पाणी सोड. त्या व्हिलाचं एक जरी बुकिंग झालं असेल तर वाट बघू नकोस, ओळखीच्या वकिलाला घेऊन रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात स्वतःहून जा.

आणि हे सगळं करण्याआधी बाबांशी बोल. बोलताना भागीदारीपासून सुरुवात करू नकोस, ते लगेच सरकारी नोकरीवर जातील. त्यांच्या नावावरच्या सिमकार्डांपासून कर. ती कुठल्या फोनमध्ये आहेत हे त्यांना माहीत आहे का, ते तू लिहिलेलं नाहीस.