पळवलेलं पोर भारी पडतं तेव्हा

ऐक बे, सैतानी पोरांचे भयपट बघायचे म्हणतोस ना, तर सुरुवात 'द ओमेन'पासून करू नको. तो सगळेच सांगतात. आधी 1956 चा 'द बॅड सीड' बघ. कृष्णधवल आहे, रक्तपात जवळपास नाहीच, पण दोन वेण्यांची ती आठ वर्षांची पोर लाडात बोलायला लागली की अंगावर काटा येतो. शेवट मात्र मला पटत नाही. (फोडतोय, माफ कर.) मूळ नाटकात पोर जिवंत राहते, सिनेमात तिच्यावर वीज पडते. तेव्हाच्या हॉलिवूडच्या नियमावलीत गुन्ह्याला शिक्षा व्हायलाच हवी होती ना!

मग 'व्हिस्पर' (2007) आणि 'ॲबिगेल' (2024). दोन्हींत खंडणीसाठी पोर पळवणारेच अडकतात. 'ॲबिगेल'चा ट्रेलर चुकूनही बघू नको, त्यात गुपितच सांगून टाकलंय. आणि पोरीपेक्षा चोरांकडे लक्ष ठेव. त्यांचा एकमेकांवरचा विश्वास उडायला लागला की खरी मजा.

सोलापूरच्या उन्हात भर दुपारी बघशील तर भीती कसली वाटणार? रात्री बघ, दिवे घालवून. शेंगाचटणी जवळ असू दे, पण कडक भाकरी नको. मागे ऐन शांत प्रसंगात ती मोडली, अन् त्या आवाजानं मीच दचकलो.